वाढत्या अंगाचं माप

१

हॉस्पिटलात मला सगळे शिंपीणबाई म्हणतात. मी जन्मात कधी सुई धरलेली नाही. तुटलेलं बटणसुद्धा माझी ताई लावून देते. पण माझं काम मापं घेण्याचं. बाळंतपणाच्या या मोठ्या हॉस्पिटलात रोज जी माहिती जमा होते, ती ठेवायला किती जागा लागेल हे मोजायचं आणि तेवढी जागा आखून द्यायची. जागा कमी पडली तर शिव्या मला, जास्त झाली तर टोमणे मला.

काम समजायला सोपं आहे. वॉर्डातल्या प्रत्येक गरोदर बाईच्या पोटावर एक पट्टा बांधतात. आतल्या बाळाच्या ठोक्यांचा आवाज आणि त्याची रेघ तो सेकंदासेकंदाला नोंदवत राहतो. ही नोंद तळमजल्यावरच्या सर्व्हरमध्ये जाते. त्याला आम्ही नुसतं ‘मूळ’ म्हणतो. उद्या तिथे आग लागली किंवा पाणी शिरलं तर हात चोळत बसायला नको, म्हणून रस्त्यापलीकडच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर एका गार खोलीत मूळची जशीच्या तशी प्रत ठेवलेली आहे. मूळमध्ये काही लिहिलं गेलं की ते दोन मिनिटांत प्रतीत उतरतं. मूळमधून पुसलं की प्रतीतूनही पुसलं जातं. नव्वद दिवसांहून जुनं मूळमध्ये काहीच ठेवत नाहीत, त्यामुळे त्याचा आकार वर्षानुवर्षं तेवढाच असतो. नऊ टीबी. हा आकडा मी लिफ्टमध्ये मोठ्याने म्हणत नाही, आजूबाजूची माणसं तोंडाला रुमाल लावतात.

प्रतीसाठी माझं सूत्र ठरलेलं: मूळ जेवढं तेवढी जागा, आणि वर पाव हिस्सा मोकळा. तो कशासाठी, असं कोणी विचारलं की मी सांगते, ‘असू द्या, लागतो.’ प्रत्येक मापात मी तो सोडते आणि सोडला की विसरून जाते. आमच्या धंद्यात सगळेच तसं करतात. शिवाय मोजायचं झालं तर सगळे मूळ मोजतात. प्रत कोण मोजणार? ती तेवढीच असणार ना.

त्या आठवड्यात मी भलतीच खुशीत होते. वरच्या मजल्यावर, सात नंबरच्या पलंगावर माझी ताई होती. नववा महिना भरत आला होता आणि आता कोणत्याही दिवशी मी मावशी होणार होते. सोमवारी सकाळी पलीकडच्या इमारतीच्या रखवालदार मामांचा फोन आला तेव्हा मी शिट्टी वाजवत जिना उतरत होते.

“बाई, तुमचं कपाट पिवळं झालंय,” मामा म्हणाले. “कावीळबिवीळ झाली की काय ते बघून जा.”

२

पिवळा दिवा म्हणजे जागा संपत आल्याची सूचना. मी हसत गेले. प्रतीला सव्वाअकरा टीबी दिलेले, आत नऊ असणार, दिवा खराब झाला असेल.

खोली नेहमीसारखीच होती. पंख्यांची एकसुरी घरघर, थंड फरशी, डिस्कच्या कपाटावर लुकलुकणारे हिरवे ठिपके, कोपऱ्यात एक खुर्ची आणि स्क्रीन. मी आकडा काढला. मूळ नऊ. प्रत साडेदहा.

मी पुन्हा काढला. पुन्हा साडेदहा.

अशा वेळी घाबरून चालत नाही. माझ्याकडे कारणांची यादीच असते. पुसलेल्या फायली कचऱ्यात पडून असतील. नव्हत्या. एकच नोंद दोनदा उतरली असेल. नव्हती. दोन्हीकडची मोजण्याची पद्धत वेगळी असेल. तीही नव्हती. तासाभराने माझ्याकडची कारणं संपली आणि दीड टीबी जागच्या जागी राहिला.

मग मी गेल्या काही दिवसांचे आकडे काढले. प्रत रोज मूळपेक्षा दोन जीबीने जास्त वाढत होती. रोज बरोबर दोन. एक पट्टा चोवीस तास चालला की बरोबर तेवढीच नोंद होते. म्हणजे पलीकडच्या वॉर्डात पन्नास पट्टे चालू होते आणि इथे एक्कावन्न उतरत होते.

मी उलटा हिशेब केला, तोंडीच. पंधराशे भागिले दोन, साडेसातशे दिवस. दोन वर्षं आणि वर वीसेक दिवस, एक-दोन दिवस इकडेतिकडे. भिंतीवर कॅलेंडर होतं. मी बोट ठेवून मागे मोजत गेले, आणि दोन वर्षांपूर्वीच्या ज्या मंगळवारावर येऊन बोट थांबलं, तो मला कॅलेंडरमध्ये बघावा लागला नाही. आमच्या घरात तो दिवस सगळ्यांना पाठ आहे.

३

त्या मंगळवारी ताईचं पहिलं बाळ गेलं होतं. सातव्या महिन्यात, याच हॉस्पिटलात, याच सात नंबरच्या पलंगावर. रेघ चालत होती आणि मग चालायची थांबली. एवढंच झालं. डॉक्टरांनाही त्याहून जास्त काही सांगता आलं नाही.

या वेळी भावोजींनी पलंग बदलून मागितला होता. ताईने ठणकावून सांगितलं, “पलंगाने काय केलंय? मला खिडकी हवी.” आणि ती खिडकीशी पाय पसरून अशी बसली होती की जणू सहलीला आली आहे.

त्या दुपारी मी तिच्याकडे गेले तेव्हा पट्ट्याचा आवाज खोलीभर घुमत होता. धावत्या घोड्याच्या टापा असतात ना, तसा. स्क्रीनवर एकशे बेचाळीस.

“ऐक, कशी तुरुतुरु पळतेय,” ताई म्हणाली. “हिला आतच धावायची घाई. तुझ्यावर गेलीय.”

“मुलगी आहे हे तुला कोणी सांगितलं?”

“एवढ्या लाथा मुलगाच मारतो असं तुझे भावोजी म्हणाले. म्हणजे नक्की मुलगी.” मग ती माझ्याकडे बघून म्हणाली, “तुझं तोंड का असं उतरलंय? जागा कमी पडली का कुठे?”

“नाही गं. जरा जास्तच झालीय.”

“मग रडतेस काय? जास्तीची मला दे. ही उशी ठेवायला इथे जागा नाही.”

आम्ही दोघी हसलो. मी हसता हसता तिच्या पोटावरच्या पट्ट्याकडे बघत होते. ताईला यातलं काही सांगायचं नाही, हे मी तेव्हाच ठरवलं. दोन वर्षांनी ती अशी हसत होती. तिला मी काय सांगणार होते? काय सांगायचं हे मलाच कुठे ठाऊक होतं?

४

मंगळवारी सकाळी मी ती जादा नोंद उघडली.

तिच्यावर ताईचाच दोन वर्षांपूर्वीचा नंबर होता. मूळमधून तो कधीच पुसला गेला होता. इथेही पुसला जायला हवा होता. मी थेट त्या मंगळवारावर गेले, ज्या मिनिटाला रेघ थांबली त्या मिनिटावर. आमच्याकडे ती थांबली होती हे मी स्वतः पाहिलं होतं, ताईचा हात हातात धरून.

इथे ती थांबलेली नव्हती. थोडी अडखळली होती, जिन्यात पाय घसरल्यासारखी, आणि मग पुढे चालू लागली होती.

मी हेडफोन लावला. मग ठोके ऐकू आले. ताईच्या खोलीतल्यासारखे धावते नव्हते. सावकाश, भरदार, नेटाचे होते. पट्टा नाही, पोट नाही, बाळ नाही, आणि ठोके चालू. स्क्रीनवर एकशे चार.

मी मागचे महिने चाळले. सुरुवातीला एकशे चाळीस. मग सहा महिन्यांनी एकशे तीस. वर्षाने एकशे अठरा. आता एकशे चार. दुपारी जेवायच्या सुट्टीत मी वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरना गाठलं आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, “दोन वर्षांच्या मुलाचे ठोके किती असतात हो?”

“शंभर, एकशे दहा. धावलं की वर जातात. का? आत्तापासून तयारी?”

“मावशी होणार म्हटलं, माहिती असावी.”

“व्हा, व्हा,” त्या म्हणाल्या आणि माझ्या गालाचा चिमटा काढून गेल्या.

मी पुन्हा पलीकडे गेले. आता मला थांबवत नव्हतं. रोजच्या रेघेला एक चाल होती. सकाळी ठोके जोरात. दुपारी एक ते तीन संथ, पंचाऐंशीच्या आसपास, म्हणजे झोपलेलं. मग पुन्हा वर. आणि दर गुरुवारी चारच्या सुमाराला मध्येच एक उंच टोक. एकशे तीस, एकशे पस्तीस. पाच-सात मिनिटं टिकायचं आणि उतरायचं. दोन वर्षांत एकही गुरुवार सुटलेला नव्हता. नाही, तीन सुटले होते.

मी खाली जाऊन मामांचं येणाऱ्या-जाणाऱ्यांचं रजिस्टर मागितलं.

“कशाला बाई? इथे तुमच्याशिवाय येतंय कोण?” मामा म्हणाले. “दर गुरुवारी चारला येता, गाणं म्हणत कपाटावरची धूळ पुसता आणि जाता. मधे तीन गुरुवार आला नाहीत, तापाने पडला होतात.”

मी रजिस्टर उघडलंच नाही. जिन्याच्या कठड्याला धरून उभी राहिले. माझ्या अंगावर सरसरून काटा आला होता आणि खरं सांगते, त्याच वेळी मला हसू येत होतं. मी आले की कोणाला तरी आनंद होत होता. दोन वर्षं होत होता, आणि मी धूळ पुसून निघून जात होते.

५

बुधवारी साहेबांनी बोलावलं. आमचे साहेब सज्जन माणूस, पण कागदावर आकडा पूर्ण असला की त्यांना जग पूर्ण वाटतं.

“शिंपीणबाई, पिवळ्या दिव्याचं कळलं. नवं कपाट येऊन पडलंच आहे. शुक्रवारी प्रत त्यात नेऊ. माप उद्या द्या.”

“साहेब, प्रतीत दीड टीबी जास्त आहे.”

“कसलं?”

“एका जुन्या पेशंटची नोंद. पुसली गेली नाही.”

“मग प्रश्नच मिटला!” साहेब खूश झाले. “मूळच्या मापाचं कपाट लावा आणि प्रत मूळवरून नव्याने बनवा. मूळमध्ये नाही ते प्रतीत येणार नाही. कचरा आपोआप गेला.”

कचरा म्हटल्यावर मला इतका राग आला की मी पाण्याचा ग्लास उचलून नुसताच परत ठेवला.

दुसरा मार्ग होता. आहे ती प्रत जशीच्या तशी उचलून नव्या कपाटात ठेवायची. पण त्यासाठी माप प्रतीचं घ्यावं लागणार होतं. म्हणजे गुरुवारी मी कागदावर कुठला आकडा लिहीन, त्यावर ते ठोके राहणार की जाणार हे ठरणार होतं. कोणत्याही मावशीने असा कागद भरला नसेल.

मी केव्हाच मोठा आकडा लिहून मोकळी झाले असते. पण त्याच दुपारी ते घडलं.

मी प्रतीच्या खोलीत दोन्ही रेघा शेजारी लावून बघत बसले होते. वर ताईच्या पोटातल्या बाळाची, खाली ती दुसरी. बघता बघता खालची चढू लागली. एकशे दहा, एकशे वीस, एकशे चाळीस. वरच्या रेघेला जाऊन मिळाली आणि तिच्याबरोबर चालू लागली. ठोक्याला ठोका. अकरा मिनिटं दोन्ही रेघा एकच होत्या. आणि मग वरची एकदम खाली आली. एकशे अठरा. पंच्याण्णव. ऐंशी.

मी जिने उतरून, रस्ता ओलांडून वॉर्डात पोचेपर्यंत माझ्या छातीचा भाता झाला होता. ताईच्या पलंगाभोवती दोन सिस्टर, एक डॉक्टर. ताई कुशीवर वळलेली, चेहरा पांढराफटक. आणि मशीनवर पुन्हा एकशे एक्केचाळीस.

“गेलं, गेलं, काही नाही,” मोठ्या सिस्टर म्हणत होत्या. “बाळाने नाळ दाबली असेल. आली की नाही परत धावत?”

ताईने माझं मनगट पकडलं. तिची बोटं बर्फासारखी होती. “त्या वेळी असंच झालं होतं,” ती हळूच म्हणाली. “अगदी असंच.”

ते दुसरं अकरा मिनिटं बाळाच्या बरोबरीने का चाललं होतं? खेळत होतं? की हाताला धरून आपल्याकडे ओढत होतं?

६

गुरुवारी मी सकाळपासून त्या एका मिनिटाच्या मागे लागले. कोण आधी खाली आलं? खालची रेघ आधी उतरली असेल, तर तिने ओढलं. मग मी ती माझ्या हाताने पुसणार होते, दात-ओठ खाऊन, पण पुसणार होते. ताईचं हे बाळ जाऊ द्यायचं नव्हतं. काही झालं तरी नाही.

मी ते मिनिट ताणून, सेकंदाचे तुकडे करून पाहिलं. वरची रेघ आधी पडली होती. खालची पडलीच नव्हती. उलट त्याच क्षणी ती उसळून एकशे साठवर गेली होती आणि तिथेच राहिली होती, वरची पुन्हा उठून उभी राहीपर्यंत. मग दोघी आपापल्या नेहमीच्या चालीवर आल्या.

माझा जीव भांड्यात पडला. आणि लगेच डोक्यातली शिंपीण जागी झाली. मूळचं घड्याळ आणि प्रतीचं घड्याळ यांत दोन-तीन सेकंदांचा फरक पडू शकतो. तेवढ्या फरकात आधीचं नंतर होतं, नंतरचं आधी होतं. हात देणं आणि हात ओढणं यांत तीन सेकंदांचं अंतर, आणि ते मोजायला माझ्याकडे पट्टी नव्हती.

चार वाजत आले होते. मी खुर्ची कपाटासमोर ओढून बसले. मला स्वतःचीच लाज वाटत होती. शिकलेली बाई, डिस्कच्या कपाटाशी बोलायला बसली होती.

स्क्रीनवर शहाण्णव.

“ऐकतोस का? की ऐकतेस?” मी म्हणाले. पंखे घरघरत राहिले. “मी मावशी आहे.”

शहाण्णव. एकशे सात. एकशे एकोणीस. एकशे एकतीस.

मला विचारायचं होतं, तू तिला त्रास देतोयस का. तेच विचारायला मी आले होते. पण त्या आकड्याकडे बघून मला ते विचारवेना. कोणी दारात वाट बघत उभं असावं आणि आपल्याला बघून नाचू लागावं, त्याला असलं काही विचारतात का? मी कपाटाच्या गार पत्र्यावर हात ठेवला आणि ढसाढसा रडले आणि रडता रडता हसले. खालून मामांनी हाक मारली, “बाई, आज गाणं नाही का?”

मी गाणं म्हटलं. मग कागद ओढला आणि माप लिहिलं.

साहेबांनी तो चष्म्यावरून वाचला. “पंचवीस? अहो, साडेदहाच्या जागी पंचवीस टीबी?”

“प्रत जशीच्या तशी हलवायची, साहेब. आणि पुढची सोय नको?”

“पण एवढी ढगळ?”

“वाढतं अंग आहे,” मी म्हणाले. “लहान मुलाचे कपडे कोणी अंगाबरोबर शिवतं का?”

साहेबांनी माझ्याकडे दोन क्षण बघितलं. माझे डोळे सुजलेले होते. बहिणीच्या काळजीने बाई बावचळली आहे असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी सही केली.

७

हलवाहलव गुरुवारी संध्याकाळीच सुरू करून दिली. शुक्रवारी सकाळी मी पोचले तेव्हा जवळपास सगळं नव्या कपाटात गेलं होतं. नऊ वाजता भावोजींचा फोन आला. ताईला आत नेलं होतं. “मेव्हणीबाई, ये लवकर, माझ्या पायातलं बळ गेलंय,” ते म्हणाले. मला धावत जायचं होतं. पण चालू असलेली नोंद सगळ्यात शेवटी हलते, आणि ती हलवताना तिचं लिहिणं मिनिटभर थांबवावं लागतं. ते बटण मी दुसऱ्या कोणाला दाबू देणार नव्हते.

अकरा एक्कावन्न झाले. बाकी सगळं पलीकडे पोचलं होतं. जुन्या कपाटात एकच हिरवा ठिपका लुकलुकत होता.

“एक मिनिट फक्त,” मी त्याला सांगितलं. “मी इथेच आहे.”

आणि दाबलं.

एवढं लांब मिनिट मी पाहिलेलं नाही. मग नवं कपाट उघडलं, मी घाईघाईने मोजलं. साडेदहा. एक कणही कमी नाही. दोन वर्षांची ती सगळी नोंद जागेवर होती. मी शेवटच्या टोकाला गेले. अकरा एक्कावन्नपर्यंत ठोके. त्यापुढे काही नाही.

मी थांबले. दोन मिनिटं. पाच. रेघ सुरू झाली नाही. सपाटही नव्हती, लिहिणारंच कोणी नव्हतं. “मावशी आहे इथे,” मी म्हणाले. मोठ्याने म्हणाले. गाणं म्हटलं, घसा बसेपर्यंत. साडेचौदा टीबी मोकळी जागा ठेवून मी एकटी त्या नव्याकोऱ्या कपाटासमोर उभी होते. मी मारलं त्याला, असं मला वाटलं. दोन वर्षं ते फटीत, सोडून दिलेल्या जागेत जगलं, आणि मी ऐसपैस जागा द्यायला गेले आणि माझ्याच हाताने ते गेलं.

फोन वाजत होता. तिसऱ्यांदा वाजत होता.

“मेव्हणीबाई! मुलगी!” भावोजी ओरडत होते, हसत होते, सगळं एकदम. “अकरा एक्कावन्नला! काय ओरडतेय, ऐक, ऐक!” आणि फोनमधून तो आवाज आला, फाटक्या भोंग्यासारखा, संतापलेला, जिवंत.

रस्ता मी कसा ओलांडला ते मला आठवत नाही. वॉर्डात सगळ्यांचे चेहरे फुललेले. ताई खिडकीशी डोळे मिटून पडली होती, घामाने केस कपाळाला चिकटलेले, आणि ओठांवर असं समाधान की मला रडूच फुटलं. तिच्या डाव्या कुशीत लाल चुटूक चेहऱ्याची ती बया मुठी आवळून झोपली होती. तिच्या पायाला एक बारीक वायर लावलेली. ती पलंगाशेजारच्या मशीनला जोडलेली. मोठ्या सिस्टर त्या मशीनच्या डोक्यावर थापट्या मारत होत्या.

“बघा ना, आजच बिघडायचं होतं,” त्या म्हणाल्या. “एक वायर, आणि हे दोन आकडे दाखवतंय. एकशे अडतीस, तो हिचा. बरोबर आहे. हा दुसरा एकशे दोन कुणाचा घेतंय, देव जाणे.”

“ताईचा असेल,” मी कसंबसं म्हणाले.

“तिचा आत्ताच मोजला. शहात्तर.” त्यांनी वायर काढून दुसरी लावली. एकशे अडतीस. एकशे दोन. “राहू दे, दुसरं मशीन आणते,” म्हणून त्या गेल्या.

मी दारातच उभी राहिले. आनंद होता, इतका की छातीत मावत नव्हता, आणि मानेवरचा एकेक केस उभा होता. इतकी वर्षं माझ्या हाताखालून सगळं एकाच दिशेने गेलं, मूळमधून प्रतीत, इकडून तिकडे. तिकडून इकडे आणायची वेळ कधी आलीच नव्हती.

“आलीस?” ताई डोळे न उघडता म्हणाली. “दार लोटून घे गं. वारा लागेल.”

“बाळाला?”

ताई अर्धवट झोपेत हसली, मुलीला जरा जवळ ओढून घेत भिंतीकडे सरकली आणि पलंगाची उजवी कड मोकळी केली. मग त्या मोकळ्या चादरीवर हाताने दोनदा थोपटलं, कोणाला तरी वर ये म्हणावं तसं. मशीनवरचा दुसरा आकडा चढू लागला. मी चादरीकडे बघितलं नाही. मोकळ्या जागेचं माप तेवढं नजरेने घेतलं, सवयच आहे. दोन वर्षांच्या मुलाला ती आरामात पुरली असती.